शनिवारी पावणेअकराला

पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १३ जानेवारी २०२५

कचरू भाऊजी,

जयभीम. फोनच करणार होते. पण तुम्ही चार वेळा "हॅलो, कोण?" म्हणता, पाचव्यांदा फोन ठेवून देता आणि मग मी तासभर एकटीच चिडून बसते. म्हणून पत्र. सावकाश वाचा. मधले परिच्छेद गाळू नका. तुमच्या भावाला ती सवय होती, तुम्हालाही असणार.

तुम्ही बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतात. खांबाखाली उभं राहून कुठली तार कुणाच्या घरात जाते ते सांगायचात. तेव्हा मला एवढंच सांगा: जी वस्तू आठवडाभर नीट चालते, ती नेमकी शनिवारी सकाळी पावणेअकराला का मरते?

पहिल्यापासून सांगते. माझ्याकडे वरच्या मजल्यावर सहा महिन्यांपासून राजनंदिनी नावाची मुलगी भाड्याने राहते. बिडकीनची आहे, सव्वीस वर्षांची. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी लोकांच्या मुलांना ती इंटरनेटवरून मराठी शिकवते. शनिवारी आपल्याकडे अकरा वाजता तिचा तास, तिकडे तेव्हा दुपारचे साडेचार. तिच्या संस्थेने तिला मार्चपर्यंत परिवीक्षेवर ठेवलं आहे. चार तास बुडाले की नाव कमी. नाव कमी झालं की बिडकीन, आणि तिथे वडिलांनी एक स्थळ तयारच ठेवलंय. पहिल्याच भेटीत त्या मुलाने हिला विचारलं, "हे शिकवायचं खूळ लग्नानंतर किती दिवस टिकेल?" यावरून स्थळ ओळखा.

मला काय, भाडेकरू येतात आणि जातात. पण जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट इतकं संथ होतं की पडद्यावर तिची मुलं तोंड उघडं ठेवून थिजायची. ते मला बघवेना. म्हणून डिसेंबरअखेर काचेच्या तारेचं, फायबरचं नवं कनेक्शन घेतलं. कंपनीचा गोकुळ म्हणून माणूस आहे, माझ्या मुलाच्या, अभयच्या वयाचा असेल. इंटरनेटचा जुना डबा माळ्याला टांगलेला होता, तिथे पालीशिवाय कुणी पोचत नसे. नवा त्याने शिलाई मशीनशेजारी, अगदी हाताशी बसवला. म्हणाला, "मॅडम, हा कधी बंद करायचा नाही. चोवीस तास चालू." मी त्याचं तंतोतंत ऐकलं.

चार तारखेच्या शनिवारी माझी आठवड्याची साफसफाई चालू होती, तेवढ्यात वरून हाक आली, "आजी, नेट गेलं!" अकरा तारखेला पुन्हा तेच, त्याच वेळेला. दोन तास बुडाले. आणि नुसतं इंटरनेट जात नाही. आम्ही डब्याला "हिवाळे" असं आपलंच आडनाव दिलं होतं, तेही जातं आणि त्या जागी कारखान्याचे काहीतरी आकडे येतात. सोमवारी गोकुळ येतो, लॅपटॉप लावतो, पुन्हा नाव भरतो, गुपित शब्द भरतो, आणि डबा चालू.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"सेटिंग उडालं, मॅडम."

"कुणी उडवलं?"

"एक विचारू का मॅडम, तुम्ही..."

मी म्हटलं, प्रश्न मी विचारणार. तो गप्प झाला. उत्तर असतं तर गप्प झाला असता का?

आता हे सांगा. मोडेम आणि राउटर या दोन वस्तू आहेत की एक? गोकुळ एक म्हणतो, औरंगपुऱ्यातला दुकानदार फोनवर दोन म्हणाला. मी स्वतःचा चांगला विकत घ्यावा का? घ्यावा तर कोणता? आणि वरच्या मजल्यावर फोनवर सिग्नलच्या दोनच कांड्या दिसतात, त्याचं काय?

उत्तर लवकर पाठवा. शनिवार कुणासाठी थांबत नाही.

तुमची वहिनी,
करुणा

*

अजिंठा
१५ जानेवारी

वहिनी,

जयभीम. सगळे परिच्छेद वाचले. तुमच्या जावेला, कडूबाईलाबी वाचून दाखवले. ती म्हणती, वहिनीचा आवाज कागदातून येतो.

मोडेम म्हंजे दुभाषा. काचेच्या तारेतून उजेड येतो, तो तुमच्या फोनला कळत नाय. मोडेम त्याला फोनच्या भाषेत सांगतो. राउटर म्हंजे पंगतीतला वाढपी. आलेलं कुणाच्या ताटात किती पडतंय ते तो बघतो. आजकाल दोघं एकाच डब्यात राहतात, म्हणून गोकुळबी खरा अन् दुकानदारबी खरा. स्वतःचा वाढपी आणायचा तर आणा. ड्युअल बँड घ्या. त्यात दोन वाटा असतात, एक लांबवर जाती पन हळू, दुसरी जवळच राहती पन जोरात.

वरचं सांगतो. तुमचं घर बांधलं तवा मी तिथं होतो. जिन्याची भिंत दीड फूट दगडाची, अन् स्लॅबात भावानं हौसेनं दुप्पट सळई घातली. वाय-फाय तिथून वर जाईल कसं? लई अँटेना लावल्यानं भिंत पातळ होत नाय. खालच्या राउटरमधून एक तार जिन्यातून वर घ्या अन् वर छताला एक लहान डबा लावा. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. दुकानदार तुम्हाला सिग्नल पुढं ढकलणारा बिनतारी डबा दाखवील. तो नका घेऊ, निम्मं तोच खातो.

आता शनिवार. मला पाण्याच्या मोटारीचा संशय येतो. नळ आला की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, अन् नाजूक यंत्र भांबावतं. पाणी शनिवारी येतं का ते बघा.

फोनचं म्हणता ते खरं. कानातलं यंत्र दिवाळीपासून मुकं झालंय. पोरगा म्हणतो नवं घेऊ. मी म्हणतो, ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय?

पोरीचा तास बुडू नये. मला लई उत्सुकता लागलीय. खात्यात असतो तर सायकल काढून आलो असतो.

कचरू

*

पदमपुरा
सोमवार, २० जानेवारी

कचरू भाऊजी,

जयभीम. तुमची मोटार बाद. आमच्याकडे नळ कधी सहाव्या दिवशी येतो, कधी आठव्या. त्याला वार माहीत असता तर काय हवं होतं. गेल्या आठवड्यात बुधवारी आला. आणि इंटरनेट गेलं शनिवारी, पावणेअकराला. तिसऱ्यांदा.

तेही सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे करून. शुक्रवारी सकाळी रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. दुकानदाराने मला बघताच सगळ्यांत मोठा डबा काढला. उलट्या पडलेल्या खेकड्यासारखे आठ पाय वर.

"ये लेव मॅडम. आठ अँटेना. पूरे घर में तूफान."

"तूफान नको. ड्युअल बँड आहे का?"

"सब है इसमें."

"सगळं म्हणजे काय? खोक्यावर कुठे लिहिलंय तिथे बोट ठेवा. आणि तार लावायची भोकं किती, ती गिगाबिटची आहेत की जुनी, तेही दाखवा."

त्याने खिशातून चष्मा काढला. खोकं फिरवून फिरवून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, टीचर थे क्या आप?"

"तहसील कार्यालयात अव्वल कारकून. चौतीस वर्षं."

"तबीच," म्हणाला, आणि खेकडा मुकाट्याने फळीवर परत ठेवला. मग निघाला मधल्या आकाराचा साधा, चार अँटेनांचा राउटर, आणि वरच्यासाठी गोल चपटा ॲक्सेस पॉइंट. सिग्नल ढकलणारा डबा त्याने दाखवलाच. मी म्हटलं, निम्मं तोच खातो. तो दचकला.

दुपारी गोकुळने सगळं बसवलं. कंपनीचा डबा आता नुसता दुभाषा, शेजारी माझा वाढपी, जिन्यातून तार वर, आणि वर छताला ती पांढरी भाकरी. राजनंदिनीच्या खोलीत सगळ्या कांड्या भरल्या. ती खोलीभर फोन हातात धरून फिरली, न्हाणीघरातसुद्धा. "आजी, इथेपण आहे!" रात्री माझ्यासाठी थालीपीठ घेऊन खाली आली. भाजणी कच्ची होती, पण मी खाल्लं.

शनिवारी सकाळी नव्या डब्याचीही धूळ काढली, सगळं लखलखीत केलं, आणि पाच-दहा मिनिटांत दिवे लाल. आता एक विचित्र गोष्ट सांगते. खालच्या दोन्ही डब्यांची नावं पुसली गेली, आणि वरच्या भाकरीचं नाव मात्र शाबूत. नाव आहे, इंटरनेट नाही. असं कसं?

मी गोकुळविरुद्ध कंपनीला दोन पानी तक्रार पाठवली आहे, इंग्रजीत. छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी घोटून घेतलेल्या इंग्रजीला निवृत्तीनंतर एवढंच काम उरलं आहे. त्यांनी त्याला तडकाफडकी दुसऱ्या भागात पाठवलं. बरं झालं.

राजनंदिनी दोन दिवस खाली आलेली नाही. चहाला हाक मारली तर वरूनच म्हणाली, "काम आहे, मॅडम." हल्लीच्या मुलींचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

आणि यंत्र मुकं झालं म्हणून कान बंद करून बसणं हा शहाणपणा नव्हे. दुरुस्त का करत नाही?

करुणा

*

अजिंठा
२२ जानेवारी

वहिनी,

जयभीम. मोटार सोडून दिली. रात्रंदिवस तुमच्या भाकरीचा विचार करतोय.

एक ध्यानात घ्या. तार तुटली तर आवाज जातो, पन घराचा नंबर जात नाय. तुमचं नाव जातंय. म्हंजे दोष तारेत नाय, व्होल्टेजातबी नाय. कुणाचा तरी हात लागतोय. खालच्या दोन डब्यांना लागतोय, वरच्याला लागत नाय.

दुसरं. पोर शुक्रवारी तुम्हाला आजी म्हणत होती. सोमवारच्या पत्रात मॅडम म्हणती. मधल्या शनिवारी काय झालं ते तुम्ही लिहिलं नाय.

तिसरं. येत्या शनिवारी उठल्यापासून दुपारपर्यंत घरात काय काय झालं, ते घड्याळ लावून लिहा. शिंकलात तरी लिहा. कारकुनाला नोंदी कशा ठेवाव्या ते लाइनमननं सांगू नये, तरी सांगतो.

कचरू

*

पदमपुरा
रविवार, २६ जानेवारी

कचरू भाऊजी,

जयभीम. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आधी देते, म्हणजे एकदाचं संपेल.

अठरा तारखेला तास बुडाल्यावर मी जिना चढून वर गेले. गुडघे दुखत होते, डोकंही तापलेलं होतं. वरच्या पायरीवरूनच म्हटलं, "तूच तार काढत असशील. शिकवायचा कंटाळा येतो, आणि खापर माझ्या डब्यावर." ती चष्मा काढून पुसत राहिली. तेव्हापासून मॅडम.

शुक्रवारी तुमचं पत्र आलं. "कुणाचा तरी हात" हे वाचलं आणि वाटलं, बघा, मी म्हणत होते ना. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं.

पण काल ती घरात नव्हतीच. चौथा तास बुडू नये म्हणून सिडकोत श्रेया नावाच्या मैत्रिणीकडे गेली होती. वर कुलूप. आणि तरीही खाली पावणेअकराला सगळं मेलं. म्हणजे ती नव्हे. तास तिकडे व्यवस्थित झाला, पण श्रेयाकडे आता पाहुणे येणार, पुन्हा जमायचं नाही. एक फेब्रुवारीचा तास इथूनच घ्यावा लागेल. तो बुडाला तर चौथा. वडिलांनी सांगून ठेवलंय, तसं झालं तर रविवारी जीप घेऊन येतो. तिने पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली आहेत. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज खाली येतो.

आता तुमच्या नोंदी. शनिवार, २५ जानेवारी.

५.४० उठले. ६.३० बुद्धवंदना. ७.१५ चहा, एकटीने.

८.०५ राजनंदिनी बाहेर पडली. "येते, मॅडम." मी "बरं" म्हटलं. आणखी काही बोलायला हवं होतं.

८.३० पोहे. मीठ जास्त.

९.१० एक शिंक. तुम्ही म्हणालात म्हणून लिहिलं.

९.३० आठवड्याची साफसफाई. आधी शिलाई मशीन, मग इस्त्री, मिक्सर, रेडिओ, आणि शेवटी इंटरनेटचे दोन डबे. आधी कोरडं फडकं, मग टाचणी. नववीत शिवणकामात पहिली आले तेव्हा सिस्टर फिलोमिनांनी बक्षीस दिलेली, निळ्या मण्याची लांब टाचणी आहे ती. शाळेत दर शनिवारी शिवणाच्या वर्गात मशीनच्या प्रत्येक भोकातला सुताचा कचरा टाचणीने काढावा लागे. टाचणी आत घालायची, दाबून धरायची, दहा अंक मोजायचे, मगच बाहेर. घाई केली की कचरा आत सरकतो, असं सिस्टर म्हणत. बावन्न वर्षांत माझा एक शनिवार चुकलेला नाही. वरचा डबा तेवढा राहतो, छताला हात पोचत नाही. डोळ्यांना खटकतं, पण इलाज नाही.

१०.४० दोन्ही डब्यांची भोकं साफ केली. मागच्या बाजूला एक इतकं बारीक भोक ठेवलंय की कारखान्याने ते धूळ साठवण्यासाठीच केलं असावं. त्यालाही दहा मोजले. आत काहीतरी टचकन बसल्यासारखं लागतं, बहुधा जुना कचरा असावा.

१०.४५ दिवे लाल. नावं गेली.

या सगळ्या वेळात घरात चिटपाखरू आलं नाही. दार आतून बंद होतं. घरात मी एकटी. मग हात कुणाचा? तुम्हीच सांगा.

करुणा

*

अजिंठा
गुरुवार, ३० जानेवारी

वहिनी,

जयभीम. पत्र आत्ता हातात पडलं. पोस्टावर सोपवलं तर शनिवारनंतर मिळंल, म्हणून हे पाकीट उद्याच्या गाडीनं पाठवतोय. कंडक्टर धोंडिबा आमचा सोयरा, तुमच्या गल्लीवरूनच घरी जातो. तो तुमच्याच हातात देईल.

खाली बसून वाचा.

त्या बारीक भोकाशेजारी बारीक अक्षरं आहेत. भिंग लावून बघा. तिथं रिसेट लिहिलेलं असणार. आत बटण असतं. टचकन लागतं ते बटण, कचरा नव्हं. डबा चालू असताना ते दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरलं की डबा सगळं विसरतो. नाव विसरतो, गुपित शब्द विसरतो, कंपनीला काय ओळख सांगायची तेबी विसरतो. कारखान्यातून निघाला तवा होता तसा कोरा होतो. जुना डबा माळ्यावर होता, म्हणून इतकी वर्षं वाचला. वरची भाकरी छतावर आहे, म्हणून वाचली. सिस्टरनं तीनच अंक मोजायला शिकवलं असतं तर हेबी वाचले असते.

हसलो नाय. खोटं कशाला लिहू, हसलो. कडूबाईनं काय झालं विचारलं, पन तिलाबी सांगितलं नाय.

माझ्या पोराच्या फोनवरून राजनंदिनीला दोन मिनिटांत कळवता आलं असतं. पन मग ते तिला माझ्याकडून कळलं असतं. पाकीट डिंकानं बंद केलंय. आत काय आहे ते तुम्हाला अन् मलाच ठाऊक. शनिवारी टाचणी बाजूला ठेवली तर तास पार पडंल, अन् कुणाला काय कळायचं नाय. पुढचं तुम्ही ठरवा. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकल्यात.

कचरू

*

पदमपुरा
रविवार, २ फेब्रुवारी

कचरू भाऊजी,

जयभीम. शुक्रवारी संध्याकाळी धोंडिबांनी पाकीट दिलं. वाचून तासभर मी तुमच्यावरच चिडले. लाइनमनला राउटरमधलं काय कळतंय, असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. मग भिंग काढलं. आहे लिहिलेलं. दोन्ही डब्यांवर. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं! असली महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरांत छापणाऱ्या माणसाला माझ्या कार्यालयात एक दिवस टिकू दिलं नसतं.

सोमवारी कंपनीचा नवा माणूस येऊन सगळं भरून गेला होता, त्यामुळे इंटरनेट चालू होतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. तास झाल्यावर म्हटलं असतं, बघ, माझ्या तक्रारीने कंपनी सुधारली. चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात काढलेल्या बाईला हे सुचत नाही असं समजू नका. सुचलं होतं. शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत तोच बेत होता.

साडेनऊला सवयीने टाचणी हातात घेतली. वर चिकटपट्टीचा आवाज झाला.

तुमचं पत्र आणि टाचणी घेऊन जिना चढले. ती खोक्यांच्या मधोमध बसली होती.

"राजनंदिनी, हे वाच."

तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"दहा मोजायचात?"

"दहा."

"दर शनिवारी?"

"एकही चुकला नाही."

ती पुस्तकांच्या खोक्यावर बसली आणि हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसता चष्मा काढला आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी तिथेच उभी होते. म्हटलं, "त्या दिवशी याच पायरीवर उभी राहून तुला बोलले होते. म्हणून याच पायरीवरून सांगते. चूक माझी होती. डब्याची तर होतीच, पण तुझ्यावर आळ घेतला ती जास्त मोठी."

तिने चष्मा पुसला आणि शेजारच्या खोक्याची चिकटपट्टी दाबून बसवली. मला वाटलं, आता जाणारच.

मग म्हणाली, "आजी, गुडघे दुखतील. आत या." आणि मी आत गेल्यावर: "पण अकरा ते बारा तुम्ही इथून हलायचं नाही. त्या खुर्चीत बसा. दोन्ही हात मला दिसतील असे ठेवा."

भाऊजी, शाळा सुटल्यानंतर मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मी बसले. हात मांडीवर, पाठ ताठ. टाचणी तिने टेबलाच्या खणात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

पावणेअकरा वाजले. दिवे हिरवे. अकराला पडद्यावर सात मुलं आली, एकही थिजलं नाही. तिने त्यांना घरातल्या वस्तूंची नावं विचारली. एका मुलीने झाडू आणून दाखवला, एकाने कुत्रा. तो वस्तू नाही यावर पाच मिनिटं वाद झाला, मराठीत. ती शिकवते कशी हे मी सहा महिन्यांत पहिल्यांदा बघितलं. वाद चालू दिला तिने. मी पहिल्याच वाक्याला गप्प केलं असतं.

शेवटी मेलबर्नच्या एका मुलाने विचारलं, "ताई, तुमच्या मागच्या आजींना शिक्षा केलीय का?"

"हो," राजनंदिनी म्हणाली.

"किती?"

"एक तास," मी खुर्चीतूनच सांगितलं.

"काय केलं त्यांनी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग."

तिने सांगितलं. सातही मुलं इतकी हसली की मेलबर्नच्या मुलाची आई पडद्यात डोकावली, आणि मग तिलाही सांगावं लागलं. बारा वाजून पाच मिनिटांनी तास संपला. तुटला नाही.

दुपारी तिने वडिलांना फोन करून जीप नको म्हणून कळवलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण ती "मार्चपर्यंत तरी नाही" असं दोनदा म्हणाली, दुसऱ्यांदा मोठ्याने. दोन खोकी उघडली आहेत. तिसरं अजून तसंच आहे. मी त्याबद्दल काही विचारलेलं नाही.

गोकुळला फोन केला. तक्रार मागे घेतल्याचं पत्र कंपनीला लिहून ठेवलंय, तेही दोन पानी, उद्या जाईल. तो म्हणाला, "मॅडम, मला दुसऱ्याच सोमवारी शंका आली होती. तुम्ही त्या भोकाला हात लावता का, एवढंच विचारणार होतो. तुम्ही विचारू कुठे दिलं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तारीख लिहून ठेवा.

टाचणी सोबत पाठवते आहे. टपालात कुणाला टोचू नये म्हणून बुचात खोचली आहे. घरात राहिली तर पुढच्या शनिवारी हात वळवळेल. बावन्न वर्षांची सवय आहे, तुमच्या एका पत्राने जाणार नाही. तुमच्याकडे काही साफ करण्यासारखं असेल तर वापरा. यंत्र आधी बंद करा.

करुणा

*

अजिंठा
६ फेब्रुवारी

वहिनी,

जयभीम. बूच अन् टाचणी दोन्ही मिळाली. टाचणी बघून कडूबाई म्हणाली, तुमच्या कानातलं यंत्र आणा बरं. मी म्हटलं, ते मेलंय. ती म्हणाली, आणा तर.

यंत्र बंद केलं. कानात बसतो तो साचा त्याच्यापासून सोडवला अन् उजेडात धरला. भोक मळानं गच्च बुजलेलं. दिवाळीपासून तेवढंच झालं होतं, अन् आम्ही नवं घ्यायला निघालो होतो. टाचणी घातली. दहा मोजले. पुन्हा बसवून कानात घातलं, तर कडूबाई तीन महिने मला काय काय म्हणत होती ते सगळं एकदम ऐकू आलं.

टाचणी ठेवून घेतो. पोरीला सांगा, तिसरं खोकं सावकाश उघड, घाई नाय. अन् तो कुत्र्याचा वाद कोण जिंकलं ते विचारून कळवा, आम्हा दोघांना झोप नाय.

आता माझ्याशी फोनवर बोलता येईल. पन वहिनी, तुम्ही पत्रच लिहीत जा. पत्रात माझं बोलणं शेवटपर्यंत वाचावं लागतं तुम्हाला.

कचरू